रकाना : इतर

अंबडला रऊफभाईंच्या गॅरेजात शटर अर्धं ओढून
आम्ही सात जण स्टुलांवर, आठवे भिकाजी खोटरे टायरवर.
विषय एकच :
पुढच्या मोसमात लीग एक की दोन.

निरभवणे म्हणाले, एक. नाशकात रायडर किती, मोजा.
सव्वीस. त्यातले चार प्लास्टरमध्ये.
बावीस पोरांत दोन लीग म्हणजे
एका भाकरीला दोन ताटं, आणि वर पाहुणे.

विसपुते म्हणाले, दोनच.
वरची आणि खालची. पोरगं पडेल, खाली जाईल, परत वर येईल,
त्याशिवाय लोक तिकीट काढत नाहीत.
लोक तिकीट काढतात कधी, असं कोणीतरी पुटपुटलं,
तर विसपुत्यांनी खिशातून पावतीपुस्तकच काढलं :
एकशे एक्केचाळीस तिकिटं.
बाकीचं आडगाव द्राक्षमळ्याच्या बांधावरून, फुकट.

मी लॅप मोजतो. एवढंच माझं पद.
चौऱ्याण्णवपासून, आधी वहीत रेघा, मग स्टॉपवॉच,
आता पुतण्याचा मोबाईल, तरी रेघा मारतोच.
वाटलं होतं मला विचारतील.
नाही विचारलं.

दहाच्या सुमाराला मान्यता निघाली. ती निघतेच,
मिसळीचा तर्री निवला की.
पुण्याच्या संघटनेचं पत्र आहे आमच्याकडे,
दिल्लीच्या संघटनेचंही आहे,
आणि दोन्ही पत्रांत शिक्क्यानिशी लिहिलंय
की दुसरी संघटना खरी नाही.
निरभवण्यांनी दोन्ही लॅमिनेट करून घेतलीत.

गायधनीबाई क्रीडा कार्यालयात तीनदा जाऊन आल्या.
त्यांची रेवती जिल्ह्यात दोन वर्षं पहिली,
भरतीचा अर्ज, खेळाडूंचे पाच टक्के,
खेळाचं नाव या रकान्यात काय लिहायचं, एवढाच प्रश्न.
साहेबांनी यादी पुढे केली. यादीत रस्सीखेच होती.
म्हणाले, "इतर लिहा. पण उपयोग नाही.
गाडी पळते हो बाई, मुलगी नुसती बसते."

हे ऐकून कोणी हसलं नाही.
रऊफभाईंनी शर्टाचं वरचं बटण सोडलं,
गळ्याखालचं हाड दाखवलं, तीन ठिकाणी जोडलेलं,
म्हणाले, हे पण नुसतंच बसलं होतं.

तसे पेपरात आलोय आम्ही एकदा. पान नऊ.
'शर्यतींच्या धुळीने बागायतदार हैराण.'
फोटोत धूळच होती.
विसपुत्यांनी तोही कापून ठेवलाय,
म्हणतात, त्या धुळीत डावीकडून तिसरा मी.

मग पुन्हा एक, पुन्हा दोन.
कोल्हापूरवाल्यांना घ्यायचं की नाही,
घेतलं तर त्यांच्या डिझेलचं कोण देणार,
संघाला नाव गोदावरीचं द्यायचं की पाइपवाल्या प्रायोजकाचं.
आवाज चढले, एक स्टूल पडलं,
ते कोणी उचललं नाही.

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली.
अर्ध्या शटरखालून नुसता उजेड दिसला, तोही क्षणभर.
भिकाजी संध्याकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.
टँकरवाला माणूस, शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारतो,
दुसऱ्या वळणाला किती आणि कुठवर, त्याला हाताला कळतं,
धुळीत बसून बसून
डोळ्यांवर त्याचा भरवसा उरलेला नाही.
मान न उचलता म्हणाला,
"रेवती. चेन सैल झालीय, सांगा तिला."

गायधनीबाई उठून दारापर्यंत गेल्या.
माझ्या हातातल्या पेन्सिलीनं
वहीत आपसूक एक रेघ मारली होती.

साडेअकराला ठराव पुढच्या बैठकीवर गेला.
तेव्हा भिकाजींनी हळूच काढलं,
मागच्या मोसमातले दोन टँकरचे अठराशे बाकी आहेत.
निरभवणे म्हणाले, एक लीग झाली की देतो.
विसपुते म्हणाले, दोन होऊ द्या, मग.
भिकाजी चप्पल शोधत होते.
"पाणी मात्र एकदाच मारून ठेवतो," म्हणाले,
"तुमचं ठरेस्तोवर वाळेल."